रवी, भोवरा आणि सासूबाईंचं गळणं



दिवाळीनंतर धाकटे भाऊजी आमच्याकडे आले आणि चप्पल काढून थेट मोरीकडे गेले. पाणी नाही, चहा नाही. सूनबाईने घेतलेलं नवं वॉशिंग मशीन त्यांना बघायचं होतं. दार उघडून त्यांनी ड्रममध्ये मान घातली, आतल्या उंचवट्यांवरून हात फिरवला आणि आतूनच म्हणाले, "भाभी, ह्याची पाती बघितलीत का? गेल्या वर्षीच्या मॉडेलला असा बाक नव्हता!" मी म्हटलं, भाऊजी, आधी बाहेर या.

कुणाला क्रिकेटचं वेड असतं, कुणाला गाड्यांचं. आमच्या भाऊजींना कपडे घुसळणाऱ्या पात्यांचं. मला वाटायचं, असा माणूस जगात एकच. पण अमेरिकेत कोलोराडो राज्यात ईटन नावाच्या गावी ली मॅक्सवेल नावाच्या निवृत्त प्राध्यापकांनी एक हजारावर जुनी धुण्याची यंत्रं गोळा केली, दुरुस्त केली आणि त्यांचं संग्रहालय केलं. प्राध्यापक कशाचे, तर इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचे. भाऊजींना हे सांगितलं तर दोन दिवस तेच बोलत होते.

मी कॉमर्सची. मला पात्यांपेक्षा बादल्या मोजता येतात. म्हणून ह्या यंत्राचा इतिहास मी माझ्या पद्धतीने, म्हणजे पाण्याच्या जमाखर्चाने लिहिते आहे.

माझं माहेर रोह्याचं. कुंडलिका नदी मे महिन्यातही कोरडी पडलेली मी पाहिली नाही. त्याचं कारण मोठेपणी कळलं. घाटावर मुळशीला धरण आहे, ज्याच्यासाठी सेनापती बापटांनी सत्याग्रह केला ते. तिथलं पाणी डोंगरातून खाली भिऱ्याला येतं, टाटांच्या वीजघरात वीज तयार करतं आणि मग कुंडलिकेत सुटतं. भिऱ्याचं हे वीजघर १९२७ सालचं. म्हणजे मुंबईचे दिवे लागून उरलेल्या पाण्यात आम्ही धुणी धुतली म्हणायची. आई आणि काकू टोपलीत कपडे घेऊन नदीवर जायच्या, दगडावर आपटायच्या, वाहत्या पाण्यात खळबळायच्या. पाण्याचा हिशोब म्हणून कुणी ठेवत नसे.

लग्न होऊन पेणला आले आणि पहिल्याच आठवड्यात हिशोब शिकले. घराच्या परसात विहीर होती. सासूबाई दुहेरी जाड सुती गळणं हंड्याच्या तोंडाला लावून पाणी गाळायच्या, पिण्याचंच नाही तर धुण्याचंही. गळण्यात राहिलेली जिवाणी थोड्या पाण्याने धुऊन हळूच परत त्याच विहिरीत सोडायच्या. एका थेंबात किती अप्काय जीव, हे आपण पाठशाळेत घोकलेलं असतं. सासूबाई ते बादलीगणिक पाळायच्या. माझ्या हातून बादली भरून वाहिली की ओरडायच्या नाहीत, फक्त "जयणा, बेटा" म्हणायच्या. ते ओरडण्यापेक्षा जास्त लागायचं.

धुणं धुवायला मावशी यायच्या. आमच्यात धोपटण्याला धोका म्हणतात आणि मावशींच्या हातातला धोका बघून शेजारची पोरं खरंच पळायची. त्या खारेपाटातून यायच्या, पेणच्या पश्चिमेला खाडीकडच्या गावांतून. तुमच्यापैकी ज्या इकडच्या आहेत त्यांना सांगायला नको. समोर सगळीकडे पाणी, पण खारं. विहिरीलाही मचूळ चव. फेब्रुवारी संपला की टँकरची वाट. पेण तालुक्यातच हेटवणे धरण आहे आणि तिथलं पाणी नळांतून नवी मुंबईला जातं, हे भूगोलात कसं बसवायचं ते मला अजून जमलेलं नाही. मावशी आमच्या धुण्याबरोबर आपल्या घरच्या कपड्यांचं गाठोडंही आणायच्या. आमचे कपडे झाले की उरलेल्या साबणाच्या पाण्यात ते धुवायच्या, खळबळायला दोन बादल्या घ्यायच्या आणि पिळून परत न्यायच्या. हे कधी बोलून ठरलं नव्हतं. सासूबाई येण्याच्या आधीपासून तसंच होतं.

आता यंत्राकडे येते, नाहीतर भाऊजी रुसतील.

कपडे धुण्याचं यंत्र करायची हौस फार जुनी. जर्मनीत रेगेन्सबुर्गचे शेफर म्हणून एक धर्मगुरू होते, त्यांनी १७६७ साली लाकडी यंत्राचा आराखडा छापला होता. पण त्यानंतर अनेक वर्षं बऱ्याच यंत्रांत एकच खोट राहिली. कपडे ढवळायच्या खुंट्या झाकणाला वरून लटकवलेल्या असत. त्या कपड्यांना पाण्यातून ओढत न्यायच्या. कपडा स्वच्छ होण्याआधी फाटायचा.

अमेरिकेत आयोवा राज्यात न्यूटन गावी मेटॅग नावाची कंपनी शेतीची अवजारं करायची. हंगाम नसताना कारखाना रिकामा राहू नये म्हणून १९०७ साली तिने धुण्याचं यंत्र काढलं. (कॉमर्सवालीला हे कारण फार आवडलं.) पुढे वीज नसलेल्या शेतघरांसाठी पेट्रोलच्या छोट्या इंजिनावर चालणारं यंत्रही केलं. आणि १९२२ साली त्यांच्या हॉवर्ड स्नायडर नावाच्या माणसाने खुंट्या झाकणावरून काढल्या आणि टबाच्या तळातून पात्यांचा एक खांब वर आणला. तो खांब अर्धा फेरा इकडे, अर्धा फेरा तिकडे फिरायचा. कपड्याला ओढायचं नाही, पाण्याला हलवायचं आणि पाण्याने कपड्यातून जायचं. ह्यालाच ते अ‍ॅजिटेटर म्हणतात.

भाऊजी हे हातवारे करून समजावत होते आणि मला हसू आलं. कारण ती सरळसरळ आपली ताकाची रवी! दोरीने ओढलेली रवी अशीच उलटसुलट फिरते. पंजाबातल्या ढाब्यांवर वॉशिंग मशीनमध्ये लस्सी घुसळतात म्हणून आपण हसतो, पण त्या लोकांनी यंत्राचं मूळ बरोबर ओळखलं म्हणायचं.

दुसरी जात जपानची. तिथे सान्यो कंपनीच्या तोशिओ इउए यांनी १९५३ साली वेगळं यंत्र आणलं. हे इउए म्हणजे नॅशनल-पॅनासॉनिकवाल्या मात्सुशितांचे मेहुणे. दोन बाजूंनी एकाच घरात धंदा, अगदी आपल्यासारखं. ब्रिटनमध्ये हूवर कंपनीच्या यंत्रात टबाच्या बाजूच्या भिंतीला एक चपटी चक्री असायची, ती पाण्यात भोवरा करायची. तीच कल्पना सान्योने घेतली. रवीपेक्षा चक्री करायला सोपी, म्हणून किंमत जवळजवळ निम्मी. जपानी घरांत जागा थोडी, तिथे लहान यंत्र बसलं. पुढे चक्री तळाशी गेली आणि १९६० साली शेजारी पिळायचा वेगळा टब आला. आपण ज्याला सेमी-ऑटोमॅटिक म्हणतो ते हेच.

तिसरी जात युरोपात रुजली. समोर दार, आडवा ड्रम, आतले उंचवटे कपडे वर उचलतात आणि वरून खाली पाडतात. म्हणजे रोह्याच्या घाटावरचं आपटणंच, फक्त दगडाऐवजी पाणी. घरगुती स्वरूपात असं आपोआप चालणारं यंत्र अमेरिकेत बेंडिक्स कंपनीने १९३७ साली विकायला काढलं. ते इतकं हादरायचं की जमिनीला बोल्टांनी आवळावं लागायचं.

रवी, भोवरा आणि आपटणं. नव्या मॉडेलची नावं कितीही बदलली, तरी त्यांच्या आत ह्या तीनपैकीच काहीतरी असतं. भाऊजींना हे वाक्य मान्य नाही.

आता ह्यातलं कुठलं किती पाणी पितं ते बघा. रवीच्या यंत्रात कपडे पूर्ण बुडायलाच लागतात. जुनी अमेरिकन यंत्रं एका धुण्याला सुमारे दीडशे लिटर घ्यायची, म्हणजे आपल्या दहा बादल्या. नळाला चोवीस तास जोराचं पाणी आहे असं धरूनच ती बनवलेली. तरीही तिथेसुद्धा सगळ्यांना ते परवडत नव्हतं. पन्नास-साठच्या दशकांत तिथे काही यंत्रांत खास सोय असायची. धुतलेलं साबणाचं पाणी पंपाने शेजारच्या हौदात साठवायचं आणि पुढच्या कपड्यांसाठी परत टबात ओढून घ्यायचं. जुन्या यंत्रांचे शौकीन ह्या सोयीबद्दल फार कौतुकाने बोलतात. मी वाचलं तेव्हा मला आमच्या मावशींचं गाठोडं आठवलं.

आपल्याकडे हे वारं आलं १९८० च्या दशकाच्या शेवटी. औरंगाबादच्या व्हिडिओकॉनने जपानी पद्धतीची यंत्रं काढली, दूरदर्शनवर त्यांची जाहिरात लागायची. पाँडिचेरीला टीव्हीएस व्हर्लपूलची यंत्रं तयार होऊ लागली, गोव्यात वेर्ण्याला आयएफबीची समोरच्या दाराची. बाजारात तिन्ही जाती मिळायच्या. मधल्या खांबाचं यंत्र आमच्या शेजारणीने घेतलं होतं. पाच-साडेपाच मीटरची साडी त्या खांबाला अशी वेढली जायची की ती सोडवायला दोघी लागायच्या. फ्रॉक-पँटचा देश तो. साडीचा विचार कोण करणार?

आमच्याकडे १९९३ साली सेमी-ऑटोमॅटिक आलं, साडेसहा हजारांचं. ते निवडलं सासूबाईंच्या गळण्याने. दुकानदार ऑटोमॅटिकचे गुण सांगत होता, नळ जोडा आणि विसरून जा. सासूबाईंनी एकच विचारलं, "नळाचं पाणी सरळ आत जाणार? मग गाळायचं कुठे?" दुकानदाराला उत्तर सुचेना. मग शेजारचं साधं मशीन दाखवलं, ज्यात वरून बादलीने पाणी ओतता येतं. टबाच्या तोंडावर गळणं धरून तीन बादल्या ओतायच्या. सासूबाईंनी मान हलवली आणि व्यवहार झाला. भाऊजी आजही म्हणतात की मागासलेलं यंत्र घेतलंत. पण नळाला दोन तास पाणी, उन्हाळ्यात भारनियमन, अशा गावात बादलीने भरता येणारं आणि वीज गेली तर हाताने पुरं करता येणारं यंत्रच शहाणं होतं. देशभर इतक्या घरांनी तेच घेतलं ते काही अडाणीपणाने नव्हे.

मी वहीत हिशोब मांडला होता. कबूल करते. मावशींना धुण्याचे महिना दीडशे रुपये. साडेसहा हजार भागिले दीडशे, त्रेचाळीस महिने. चव्वेचाळिसाव्या महिन्यापासून मशीन फुकट. ह्यांना वही दाखवली, हे खूश. मावशींना म्हटलं, पुढच्या महिन्यापासून फक्त भांडी.

मशीन सुरू झालं त्या पहिल्या सोमवारी मावशी नेहमीसारख्या गाठोडं घेऊन आल्या. धुणं झालं होतं, मी बटण फिरवून साबणाचं पाणी मोरीत सोडून दिलं होतं. मावशी काही बोलल्या नाहीत. भांडी घासली, गाठोडं तसंच काखेत घेतलं आणि निघाल्या. ओसरीवर सासूबाई माळ घेऊन बसल्या होत्या.

"पाणी कुठे सोडलंस?"

"मोरीत, आई."

"आणि तिचं धुणं?"

मी वहीतला हिशोब सांगितला. त्यांनी सगळा ऐकून घेतला, मग विचारलं, "ह्यात मावशीचं घर कुठल्या खात्यात लिहिलंस?"

आम्ही थेंबातल्या जिवांना त्यांच्या विहिरीत परत पोचवत होतो आणि पंचेंद्रिय बाई न धुतलेले कपडे घेऊन घरी चालली होती. मला त्या रात्री प्रतिक्रमणात मन लागलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मशीन स्टुलावर चढवलं, म्हणजे खालचा पाइप बादलीत सोडता यावा. साबणाचं पाणी एकच. आधी पांढरे, मग रंगीत, मग पायपुसणी-फडकी, असे तीन घाणे. पहिल्या खळबळण्याचं पाणीही तिघांना एकच, शेवटचं मात्र प्रत्येकाला नवं. तीन, तीन आणि नऊ, पंधरा बादल्या. प्रत्येक वेळी टब रिकामा केला असता तर सत्तावीस लागल्या असत्या. आणि चौथा घाणा मावशींचा, त्याच साबणाच्या पाण्यात. पायपुसणी मग त्यांच्या नंतर गेली, हा बदलही सासूबाईंचाच. पगार होता तितकाच राहिला. त्रेचाळीस महिन्यांचा हिशोब कधीच जुळला नाही. पूजेची जोड आणि मुहपत्ती मात्र आजही हातानेच वेगळी धुतली जाते, तिथे कुणाचं यंत्र चालत नाही.

मशीनचा खरा उपकार धुण्याच्या टबाचा नव्हता, शेजारच्या पिळायच्या टबाचा होता. कोकणातला चौमासा तुम्हाला माहीत आहे. चार-चार दिवस कपडे दोरीवर तसेच, मग त्यांना कुबट वास, मग बुरशीचे काळे ठिपके. आपल्या शास्त्रात बुरशी म्हणजे अनंतकाय. सासूबाई आषाढात त्या ठिपक्यांकडे बघून हळहळायच्या. पिळायचा टब मिनिटाला तेराशेच्या आसपास फेरे घेतो, पाणी भोकांतून बाहेर फेकतो. कपडा अर्धा वाळूनच हातात येतो. पहिल्या पावसाळ्यात सासूबाईंनी कोरडी चादर नाकाशी धरून वास घेतला आणि म्हणाल्या, "ह्याच्यात जयणा आहे." मशीनला मिळालेलं हे एकमेव प्रमाणपत्र. एक बाजू जड झाली की तो टब मोरीभर नाचत जायचा आणि मी त्याच्यावर दोन्ही हात टेकून उभी राहायची, ती गोष्ट वेगळी.

स्वीडनचे हान्स रोझलिंग म्हणून आरोग्य-आकडेवारीचे मोठे प्राध्यापक होते. त्यांनी एका भाषणात सांगितलं होतं की घरी पहिलं मशीन आलं तेव्हा आजीने खुर्ची घेतली आणि संपूर्ण धुणं होईपर्यंत समोर बसून बघितलं. आणि आईचा वेळ वाचला तेव्हा ती त्यांना घेऊन वाचनालयात गेली. गोष्ट गोड आहे. पण अमेरिकेतल्या इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ साली पुस्तक लिहून दुसरी बाजू मांडली होती. यंत्रं आली तशी स्वच्छतेची अपेक्षाही वाढली, पूर्वी कामाला येणारी माणसं गेली आणि आईचं काम होतं तितकंच राहिलं. मला दोन्ही पटतात. आमच्याकडे चादरी पंधरा दिवसांनी बदलायच्या त्या मशीन आल्यावर आठवड्याने बदलू लागल्या. मुलं दिवसाला दोन शर्ट टाकू लागली. पण माझ्या बोटांच्या भेगा भरल्या, हेही खरं. आणि दुपारी तासभर सामायिकाला बसायला मिळू लागलं.

सासूबाई २०११ साली गेल्या. सूनबाईचं नवं मशीन त्यांनी बघितलं असतं तर काय म्हणाल्या असत्या, हा विचार मी करते. सूनबाईने मला नळाच्या जोडाशी बसवलेली बारीक जाळी काढून दाखवली. "बघा आई, गळणं आतच आहे." गोड पोरगी आहे. ती जाळी रेती अडवायला असते, हे मी तिला सांगितलं नाही. आम्ही नळालाच दुहेरी कापड बांधलं, रोज सोडून धुतो.

पण हिशोब प्रामाणिक हवा. आडव्या ड्रममध्ये कपडे बुडत नाहीत, तळाच्या थोड्या पाण्यातून वरखाली जातात. एका धुण्याला पन्नास-साठ लिटर, म्हणजे चार बादल्या. तीन घाण्यांच्या बारा. माझ्या सगळ्या कसरतीनंतरच्या पंधरांपेक्षा कमीच! भाऊजी हे ऐकून टाळ्या वाजवायचे बाकी राहिले. फक्त एक आहे. त्या बारा बादल्या दार बंद करून आतल्या आत येतात आणि पंपाने आतल्या आत निघून जातात. मध्येच दार उघडून कुणाचं गाठोडं आत टाकता येत नाही. मी पाइप पिंपात सोडते, शेवटचं पाणी फरशी पुसायला होतं. साबणाचं पाणी इतकं फेसाळ आणि गढूळ येतं की ते पायपुसण्यांपलीकडे चालत नाही.

मावशी आता थकल्या, कामाला येत नाहीत. त्यांची सून येते. आमचं दुसरं सेमी-ऑटोमॅटिक, २००७ सालचं, दिवाळीत तिला दिलं. टेम्पोत चढवताना भाऊजींनी चक्री काढून, धुऊन, परत बसवून दिली.

मार्गशीर्षात मावशींना बघायला मी खारेपाटात गेले. मशीन पडवीत होतं, खाली विटा लावून उंच केलेलं. पिळायचा टब चालू आहे, पावसाळ्यात शेजारच्या चार घरांचे कपडे इथे पिळायला येतील असं सून सांगत होती. धुण्याच्या टबाचं बटण मात्र त्यांनी दोऱ्याने बांधून ठेवलं होतं, चुकून कुणी फिरवू नये म्हणून. मी झाकण उचललं. आत काठोकाठ टँकरचं पाणी भरलेलं होतं आणि त्यावर तांब्या उपडा ठेवलेला.